नारळाच्या झाडाला कोट

...नाही, तुम्हीच सांगा, झाडाला खांदे असतात का? असतात का खांदे? मग कोटाचं माप घ्यायचं कुठून? हसा, हसा, हसायला तुमचं काय जातंय! पस्तीस वर्षं झाली मला या धंद्यात. वकिलांचे कोट शिवले, नवरदेवांचे शिवले, बँडवाल्यांचे सोनेरी झुपक्यांसकट शिवले. एका गिऱ्हाइकाचा एक खांदा वर आणि एक खाली होता, त्याला असा कोट शिवून दिला की आरशात बघून तो बिचारा रडायलाच लागला, म्हणाला, मास्तर, मी सरळ आहे हो!... पण झाड? नारळाचं झाड? कुंडीतलंसुद्धा नाही, चांगलं अंगणात, जमिनीत उभं असलेलं, माझ्या छातीला लागणारं नारळाचं झाड, आणि त्याला कोट! थंडीचा! आतून अस्तर लावून! मी आपला शिंपी माणूस, मला काय कळतंय झाडातलं!

बरं, सांगणारं दुसरं कुणी असतं तर गळ्यातली टेपही न काढता म्हटलं असतं, की बाबा रे, पुढचं दुकान बघ. पण सांगणारे कोण? आमचे सर! मला पाचवी ते आठवी भूगोल शिकवलेले सर. शाळेत आम्ही त्यांना कर्कवृत्त म्हणायचो. का? तर दिसत नाही, पण मधून गेलेलं असतं! तुम्ही आपले शेवटच्या बाकावर बसून कागदाचं विमान करताय, फळ्याजवळ सर उभे आहेत अशी तुमची पक्की खात्री आहे, आणि एकदम कानाशी आवाज... "हे विमान कोणत्या दिशेला निघालंय?" संपलं! दिशा कळेपर्यंत कान लाल!

आणि याच सरांनी, तुम्हाला सांगतो, याच माणसाने मला नारळावरून छडी मारलेली आहे. सहामाहीच्या पेपरात प्रश्न होता, नारळाचं झाड कोणत्या हवामानात वाढतं? मी लिहिलं, "कोणत्याही. पाणी घातलं पाहिजे." आता काय चुकलं? मुलगा आशावादी आहे एवढं तरी बघायचं! तर नाही. सगळ्या वर्गासमोर उभं करून, "उष्ण! दमट! समुद्रकाठ!" तीन शब्द, तीन छड्या. माझ्या हाताला तो धडा अजून पाठ आहे. पेपरात सतरा मार्क. आणि चाळीस वर्षांनी हेच सर माझ्या दुकानाच्या पायरीवर उभे राहून म्हणतात, "आमच्या नारळाला थंडी बाधतेय, कोट शिवायचाय." मी म्हटलं, "सर... उष्ण, दमट, समुद्रकाठ..." तर चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुझं उत्तर तेव्हाही चूकच होतं. तू नुसतं पाणी लिहिलंस. कोट लिहिला नाहीस."

बोला! आहे का उत्तर?

सगळी आळी मला मास्तर म्हणते, पण सर म्हणत नाहीत. "मास्तर मी. तू शिंपी." बरं बाबा, शिंपी तर शिंपी. टेप घेतली, खडू घेतला, गेलो त्यांच्या घरी. घर तुम्ही बघितलेलं नसेल, दोन खोल्या, पुढे एवढंसं अंगण, अंगणाला उन्हाच्या बाजूची भिंत, आणि त्या भिंतीला पाठ लावून हे झाड, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखं. सरांची लेक दिलेली आहे लांब, समुद्राकाठी, तिकडे उकाडा बारा महिने. तीन वर्षांपूर्वी ती येताना एक कोंब फुटलेला नारळ घेऊन आली. चटणीला हं! आईला दिला, म्हणाली, फोडून टाक, कोंब आलाय. सरांनी बघितला मात्र, लगेच, "कुणी हात लावायचा नाही!" पहिली थंडी घरात काढली, पलंगाखाली. दुसरी न्हाणीघरात. आणि तिसऱ्या वर्षी साहेब एवढे पसरले की दारातून आत येईनात. मग अंगणातच लावला. आणि आता आमच्याकडची थंडी म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे, बर्फबिर्फ काही नाही, वर्षातले दहा महिने घामाच्या धारा, पण मधले ते दोन महिने... पहाटे नळाखाली हात धरला की हात आपला आहे की शेजाऱ्याचा हे कळत नाही. माणूस काय, स्वेटर घालतो, चहा पितो, हवेला चार शिव्या देतो. झाड शिव्या कशा देणार?

तर मी टेप काढली. सर वहीत लिहून घ्यायला पेन्सिल सरसावून उभे. मी म्हटलं, "छाती..." आणि थांबलो. छाती कुठाय? सर म्हणाले, "बुंधा म्हण. पण सैल ठेव, वाढतं अंग आहे." वाढतं अंग! मी म्हटलं, "बाही?" सर म्हणाले, "विनोद नको." अहो, विनोद मी करतोय का! पानं सगळी वर गोळा करून सुतळीने हलकी बांधली, आपण पावसात छत्री मिटतो ना, तसं, आणि खालून वरपर्यंत माप घेतलं. कॉलर पाहिजे की नको यावर अर्धा तास चर्चा. मी म्हणतो, मान नाही तर कॉलर कशाला? सर म्हणतात, "सगळा जीव वरच्या शेंड्यात असतो. मधोमध ती पानाची सुरळी दिसते ना, उभी, भाल्यासारखी? ती गेली की झाड गेलं. तेव्हा कॉलर पाहिजे, आणि ती वर ओढून बंद करता आली पाहिजे." मी आपला शिंपी माणूस. लिहून घेतलं... सुरळीसाठी कॉलर, एक.

आणि कापड? कापड सरांनीच दिलं. आतून जुनं कांबळं, ते ठीक आहे. पण बाहेरून? शाळेने जुने नकाशे मोडीत काढले तेव्हा सरांनी एक उचलून आणला होता, कापडावर चिकटवलेला, भिंतभर, जगाचा नकाशा! "हा लाव. जाड आहे, वारा लागत नाही." तुम्हाला सांगतो, महासागराला कात्री लावण्याआधी मी सरांना दोनदा विचारून घेतलं, कारण ह्याच नकाशावर एक शहर दाखवता आलं नाही म्हणून मी अर्धा तास बाकावर उभा राहिलेलो आहे. आणि सर डोक्यावर उभे, सूचना चालूच, "विषुववृत्त बरोबर पोटावर घे. ऊब तिथे पाहिजे. उत्तर ध्रुव कॉलरवर आला तरी चालेल, तिथे माणसं कमी राहतात."

आता तुम्ही म्हणाल, हा काय चक्रमपणा! मीही तेच म्हणालो, मनात. पण मग सरांच्या बाई... म्हणजे त्यांच्या मंडळी, आम्ही त्यांना बाई म्हणतो, त्या शाळेत शिवण शिकवायच्या, मला पहिला टाका त्यांनीच शिकवला... त्या चहा घेऊन आल्या आणि एकेक पायरी उतरताना असं तोंड केलं की मला कळलं, गुडघे. थंडी आली की बाईंचे गुडघे धरतात. लेक दर फोनला सांगते, इकडे या, इथे ऊब आहे, खालची खोली तुमच्यासाठी रिकामी ठेवली आहे. सर म्हणतात, मी हे गाव सोडणार नाही. बाई म्हणतात, माझे गुडघे सोडतायत. असं दोन वर्षं चाललं होतं. शेवटी एक दिवस बाई म्हणाल्या, "हे बघा, तो तुमचा नारळ या थंडीत टिकला, तर आपणही इथे टिकू. गेला, तर मी सामान बांधणार. मग कुरकुर ऐकून घेणार नाही."

झालं! म्हणजे बघा, हा कोट नारळाचा नव्हता. त्या कोटावर दोन माणसांचं घर लटकलेलं होतं, आणि काजं कोण करणार, तर मी! रात्री जेवताना बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "मागच्या वर्षी माझ्या ब्लाउजला हुक लावायला सांगितलं होतं. अजून लागलेलं नाही. झाडाचा कोट झाला का?" म्हटलं, "उद्या ट्रायल आहे."

ट्रायल! भिंतीला पाठ लावून उभं झाड, त्याच्या अंगावर सगळं जग, समोर सात बटणं. दिसायला देखणं दिसत होतं, खोटं कशाला बोलू! इतकं की दुसऱ्या दिवशी कुरिअरवाला फाटकातून आत आला, आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात त्याला म्हणाला, "आजोबा, इथे सही करा." दोनदा म्हणाला! मग बाईंना सांगून गेला, आजोबांना ऐकायला कमी येतंय, जरा दाखवून घ्या.

पण सकाळी सर थर्मामीटर घेऊन दुकानात हजर. तोंड उतरलेलं. "बाहेर सहा, कोटात सहा. मग कोटाचा उपयोग काय?" आता भूगोल त्यांचा, पण कोट माझा, नाही का? म्हटलं, "सर, कोट ऊब देतच नाही. कोट आतल्या माणसाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. तुमच्या कोटात माणूसच नाही, तर ऊब येणार कुठून?" सरांनी थर्मामीटर उलटंसुलटं करून बघितलं. म्हणाले, "बस खाली." सवयीने. मग म्हणाले, "म्हणजे... बरोबर आहे. शाबास. बस खाली." अहो, मी मशीनवर बसलेलोच होतो! पण तुम्हाला सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. चाळीस वर्षं उशिरा का होईना, अठरावा मार्क मिळाला!

मग आत बल्ब सोडला. जुन्या पद्धतीचा, तापणारा, नवे नकोत, ते नुसतेच उजेड पाडतात. बुंध्याजवळ, कापडापासून वीतभर दूर, जाळीच्या डब्यात. कोटाला मी एक खिसा केला, थर्मामीटरसाठी. आता आत अकरा, बाहेर सहा. सर खूश! पण पुढची भानगड ऐका. सकाळी ऊन आलं की कोट काढायचा, नाहीतर आत झाड घुसमटतं, बुरशी धरते. संध्याकाळी पुन्हा घालायचा. सरांचा खांदा दुखतो, बाईंचे गुडघे. मग कोण? दुकान उघडण्याआधी मी, दुकान बंद केल्यावर मी. रोज! सात बटणं काढा, सात बटणं लावा. मी माझ्या स्वतःच्या पोरांना कधी कपडे घातले नाहीत हो! बायको म्हणाली, "जा, दादा शाळेतून आले असतील, त्यांचे कपडे बदल."

आणि मग तो आठवडा आला. तसली थंडी मी तरी बघितली नव्हती. गवतावरचं दंव गोठून पांढरं. पारा तीनवर. सर रोज पहाटे अंगणात उभे, खिशातलं थर्मामीटर बघायला. झाडाला कोट, आणि हे नुसत्या स्वेटरवर! पाचव्या दिवशी पडले आजारी. छाती भरली, ताप. डॉक्टरांनी बजावलं, अंथरुणातून उठायचं नाही. त्यात वरून पाऊस. थंडीत पाऊस म्हणजे नारळाचा काळ, हे मला सरांनी वहीत लिहून दिलेलं होतं, अधोरेखित करून. कॉलरमधून पाणी आत शिरलं, बल्ब फट्‌कन उडाला. मी सकाळी जातो तो कोट चिंब. आतून सरांची हाक, "अरेऽऽ, सुरळी ओढून बघ! हलकेच! नाडी बघतात तशी! घट्ट असली तर जिवंत आहे!"

मी आपला शिंपी माणूस, मला काय कळतंय झाडातलं! कोट काढला. पानं मोकळी केली. हिरवी होती, ठीक दिसत होती. म्हटलं, चला, सुटलो. दोन बोटांत ती मधली सुरळी धरली, शप्पथ सांगतो, ओढलीसुद्धा नाही, नुसती धरली... आणि आली की हो हातात! म्यानातून तलवार यावी तशी सुळ्ळकन बाहेर! खालचं टोक काळं, लिबलिबीत, आणि वास... तो वास अजून माझ्या नाकात आहे. मी तसाच उभा. हातात हातभर लांब पान. डोक्यात एकच, की गेलं. झाड गेलं, घर गेलं, सर गेले. आतून आवाज, "काय रेऽऽ? घट्ट आहे ना?"

मी वळलो, तर दारात बाई.

सगळं बघितलेलं. मी तोंड उघडलं, काय बोलणार होतो देव जाणे. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. एकेक पायरी उतरल्या, कण्हत कण्हत, जवळ आल्या, माझ्या कॉलरकडे बघितलं, तिथे आमची सुई असतेच, दोरा ओवलेली, धंद्याची सवय. आणि हळूच म्हणाल्या, "परत खोच. आणि शेजारच्या देठाला धरून घाल टाके. तीन."

मी म्हटलं, "बाई, अहो... तुम्हालाच ना जायचंय लेकीकडे? गुडघे... पैज तर तुम्ही जिंकलात!"

तुम्हाला सांगतो, त्या बाईने माझ्याकडे असं बघितलं, शिवणाच्या तासाला मी उलटा टाका घातला की बघायची ना, अगदी तसं. म्हणाल्या, "तिथे जाऊन हे करतील काय? तिथे नारळ आपोआप येतात रे."

घातले टाके. वकिलांच्या कोटाला घालत नाही इतके बारीक घातले. आतून पुन्हा, "घट्ट आहे का रेऽऽ?" आणि मी आपला दात-ओठ खाऊन गाठ मारतोय आणि ओरडतोय, "आता आहे, सर!"

मग सुरू झालं ते नाटक. सर बरे झाले, मफलर गुंडाळून अंगणात आले. मी बाजूला उभा, कोटाची घडी पुन्हा पुन्हा घालत. त्यांनी झाडाकडे बघितलं. चष्मा वर केला, खाली केला. बोटाने सुरळीला टिचकी मारली. माझा जीव कॉलरमध्ये! आणि म्हणाले, "ठणठणीत आहे." बाई म्हणाल्या, "म्हणजे थंडी काढली म्हणायची त्याने. राहू मग इथेच." लेकीला फोन गेला. ती तिकडून चिडली, "एका नारळासाठी?" पण काय करणार, पैज म्हणजे पैज. मी उरलेल्या कांबळ्याच्या बाईंना गुडघ्यांवर घालायच्या दोन टोप्या शिवून दिल्या, आतून मऊ, बाहेरून इलास्टिक. त्यांचं बरं चाललं.

चार दिवसांनी दुकानात सर. एकटे. खुर्चीवर बसले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, "निसर्गात निळ्या रंगाचा दोरा कुठे उगवतो रे?"

माझ्या हातातली कात्री खाली पडली.

"कोणत्या हवामानात? उष्ण? दमट?"

"सर..."

"पुढच्या वेळी हिरवा वापर. पोपटी नको, गडद." मग पुढे वाकले, आणि आवाज एवढासा करून, "आणि हिला कळू देऊ नकोस. तिला वाटतंय झाड जगलं. तिलाच हे घर सोडवत नाही रे, लेकीला नाही म्हणायला तोंड नव्हतं म्हणून ती पैज लावली. मी ओळखतो तिला."

झालं कल्याण! आता मला सांगा, मी काय करायचं? बाईंनी सांगितलंय, सरांना कळता कामा नये. सर म्हणतात, बाईंना कळता कामा नये. दोघांनाही सगळं ठाऊक, आणि मी मधे, दोन कापडांच्या मधल्या अस्तरासारखा! आणि यांच्या गप्पा ऐका. मी संध्याकाळी बटणं लावतोय, आणि बाई म्हणतायत, "शेंडा जरा पिवळट वाटत नाही?" सर म्हणतात, "उन्हामुळे. नारळात हे नेहमीचं आहे." आठवड्याने ती सुरळी वाळून तपकिरी झाली, अहो मेलेलं पान ते, होणारच! बाई म्हणाल्या, "रंग छान चढलाय." सर म्हणाले, "परिपक्वता!" मी कोटात तोंड घालून हसतोय की रडतोय, माझं मलाच कळेना. जगात एवढं समजून-उमजून खोटं बोलणारं जोडपं मी दुसरं पाहिलेलं नाही. आमच्या घरी असं असतं तर मी किती सुखात असतो! आमची ही खरंच बोलते, आणि तेही मोठ्याने!

पण माझ्या मनाला लागली होती टोचणी. म्हटलं, पान आपल्या हातात आलं, आपल्यामुळे नसेल, पण आलं आपल्याच हातात. सरांच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिलेलं होतं, सुरळी निसटली तर भोकात मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी ओतावं, क्वचित झाड वाचतं. क्वचित! तर मी रोज सकाळी कोट काढला की गुपचूप थोडं ओतायचो. बाटली सरांच्या खिडकीत असायची. गंमत अशी की बाटली मी ओतायचो त्याच्या तिप्पट वेगाने संपायची. मला आधी वाटलं गळतेय. मग एक दिवस लक्षात आलं... बाईंच्या पदराला निळा डाग. आणि सरांच्या बोटांना निळा रंग! म्हणजे तिघंही ओततोय, चोरून, आणि तिघांच्याही मनात, की मी एकटाच!

आणि मग, तुम्हाला खोटं वाटेल. थंडी गेली, कोट धुऊन, वाळवून पेटीत गेला, उन्हाळा तापला, आणि एक दिवस त्या वाळक्या सुरळीच्या शेजारून काहीतरी वर आलं. वाकडं. चुरगळलेलं. इस्त्री न केलेल्या रुमालासारखं. पण हिरवं! नवं पान! आणि त्याच्या टोकाला अडकलेला माझा निळा दोरा! झाड जगलं होतं! खरंच जगलं होतं हो! मी दुकान उघडं टाकून धावत गेलो, ओरडलो, सर! बाई! दोघं बाहेर आले. बघितलं. बाई म्हणाल्या, "येणारच होतं." सर म्हणाले, "त्यात काय नवल!" आणि दोघं आत गेले. टाळी नाही, काही नाही!

संध्याकाळी सर दुकानात. "खरं सांग. नवीन झाड कधी आणून लावलंस?" मी म्हटलं, "सर, आईची शपथ, तेच झाड आहे!" तर म्हणाले, "भूगोलात सतरा मार्क मिळवणाऱ्याने मला शिकवू नये. चांगलं केलंस, पण हिला सांगू नकोस." ते गेले. दुसऱ्या दिवशी बाई. एवढ्या गुडघ्यांनी आल्या हो दुकानापर्यंत, टोप्या घालून. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाल्या, "एवढं त्याच मापाचं झाड कुठून शोधलंस रे? सरांना बोलू नकोस हं." मी आपला शिंपी माणूस, मला काय कळतंय झाडातलं, पण जे एकच मला कळत होतं, तेच कुणी ऐकायला तयार नाही! गुन्हा केला तेव्हा दोघांनी पाठीशी घातलं, आणि खरं बोलतोय तर साक्षीला कुणी नाही!

असो. आता पुन्हा थंडी तोंडावर आली. सोमवारी सर आले, कोट काखेत मारून. "चार बोटं सैल कर." मी म्हटलं, "सर, झाड एक बोटभर वाढलंय फार तर." म्हणाले, "ते मला माहीत आहे. पण कोट सैल करावा लागला म्हटलं की हिची खात्री पटते, चांगलं रुजलंय. मग लेकीला पुन्हा नाही म्हणायला तिला तोंड राहील. हिला मात्र बोलू नकोस." बरं. शिवणीत मी भरपूर माया ठेवलेली होती. माया म्हणजे तुम्हाला माहीत आहे ना? शिवणीत आत दुमडून जास्तीचं कापड ठेवतात, पुढे कधी सैल करायला, त्याला आम्ही माया म्हणतो. उसवलं, चार बोटं सोडली. कोट पोचवला. गुरुवारी तोच कोट घेऊन बाई दारात! "चार बोटं सैल करून दे रे. झाड वाढलं म्हटलं की यांना हुरूप येतो. पण मी सांगितलं असं यांना म्हणू नकोस." आता मी सांगू, की बाई, परवाच केलाय? कसं सांगू? सरांना शब्द दिलाय! सोडली आणखी चार बोटं. सगळी माया संपली. मधे जोड द्यावा लागला, दोन खंड एकमेकांपासून असे दूर सरकले की सरांना नवा महासागर शिकवावा लागेल!

शनिवारी संध्याकाळी घातला. झाड आत कुठे आहे ते शोधावं लागतंय, अशी अवस्था! कॉलर घसरून कमरेवर, विषुववृत्त जमिनीवर. सर बघतच राहिले. "अरे, माप चुकलं तुझं. चांगलंच चुकलं." बाई म्हणाल्या, "वय झालं रे तुझंही. डोळे तपासून घे." सर म्हणाले, "सोमवारीच जा. माझं नाव सांग, डॉक्टर माझा विद्यार्थी आहे." आणि दोघं माझ्याकडे अशा काळजीने बघतायत, अशा मायेने बघतायत की मी मुकाट्याने म्हटलं, "हो सर. चुकलं. जातो."

गेलो. डॉक्टरांनी डोळ्यात टॉर्च मारला, अक्षरं वाचायला लावली, मोठी, बारीक, अगदी मुंगीएवढी, सगळी घडाघडा वाचली. डॉक्टर चक्रावले. म्हणाले, "मास्तर, तुमचे डोळे लख्ख आहेत. जवळचं दिसतंय, लांबचं दिसतंय. तुम्हाला इथे पाठवलं कुणी?"

म्हटलं, "ज्यांना जवळचं दिसत नाही, त्यांनी."